एसटीएलचं स्टेप: रूपांतर कधी पुरतं आणि पार्ट पुन्हा कधी काढावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंपाच्या कव्हरची एसटीएल फाइल (आकार फक्त त्रिकोणांनी दाखवणारी) हाताशी आहे, साधारण १,२०,००० त्रिकोणांची. मूळ कॅड फाइल सापडत नाही. मशीनिंग करणाऱ्याने स्टेप फाइल (कॅड सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाणीसाठी वापरली जाणारी) मागितली आहे. फ्रीकॅडमध्ये रूपांतर केलं तर सहा एमबीच्या फाइलची शंभर एमबीच्या वर स्टेप तयार झाली, ती उघडताना संगणक गोठतो, आणि बोल्टच्या भोकावर क्लिक केलं की पूर्ण भोक निवडलं न जाता एक चिंचोळी पट्टी निवडली जाते. सेटिंग कुठलं चुकलं?

सेटिंग चुकलेलं नाही. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं. फक्त तुम्हाला जे हवं होतं ते त्या फाइलमध्ये मुळातच नव्हतं, म्हणून ते बाहेरही आलं नाही.

एसटीएल हा प्रकार १९८७ मध्ये थ्रीडी सिस्टिम्सने स्टिरिओलिथोग्राफी मशीनसाठी आणला. बायनरी एसटीएलमध्ये सुरुवातीला ८० बाइटचं हेडर, मग चार बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या, आणि त्यानंतर प्रत्येक त्रिकोणासाठी ५० बाइट: नॉर्मलचे (त्रिकोणाला लंब दिशेचे) तीन आकडे, तीन कोपऱ्यांचे नऊ आकडे आणि दोन बाइट मोकळे. बस. एकक नाही. हा त्रिकोण कुणाचा शेजारी आहे याची नोंद नाही. ‘इथे १० मिलिमीटर व्यासाचं भोक आहे’ ही माहिती तर कुठेच नाही. थर कापून छापणाऱ्या मशीनला याहून जास्त लागतही नव्हतं.

स्टेपमधलं सॉलिड वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असतं. तिथे भोक म्हणजे एक अक्ष, एक त्रिज्या आणि तो सिलिंडर कुठून कुठपर्यंत वापरायचा हे सांगणाऱ्या कडा. प्रत्येक फेसला (सॉलिडच्या पृष्ठभागाच्या एका तुकड्याला) आपली कड माहीत असते, प्रत्येक कडेला तिच्या दोन्ही बाजूंचे फेस माहीत असतात. फ्रीकॅडने तुमच्या फाइलचं ‘सॉलिड’ केलं तेव्हा प्रत्येक त्रिकोण हा एक स्वतंत्र सपाट फेस झाला. स्टेपमध्ये असा एक त्रिकोण लिहायला फेस, त्याची हद्द, तीन दिशादर्शक कडा, प्रतल, त्याची दिशा, शिवाय शेजाऱ्याशी वाटून घेतलेल्या कडा आणि बिंदू असं सगळं मिळून वीसेक ओळी लागतात. एक किलोबाइट धरा. ५० बाइटचा त्रिकोण एक किलोबाइटचा झाला म्हणजे वीस पट. तुमच्या सहा एमबीचे एकशेवीस होणारच होते.

म्हणून फाइल कशी बदलायची यापेक्षा, ती घेणारा तिचं काय करणार आहे हे आधी विचारा. उत्तर ऐकल्यावर बऱ्याचदा रूपांतराची गरजच उरत नाही. पार्ट थ्रीडी प्रिंट होणार असेल तर एसटीएल तशीच द्या. स्टेप करून दिली तर समोरचा ती पुन्हा त्रिकोणांतच मोडणार. वजन किंवा घनफळ हवं असेल तर बंद मेशवरून (मेश म्हणजे ही त्रिकोणांची जाळी) ते थेट निघतं. असेंब्लीत जागा बसते का एवढंच पाहायचं असेल तर मेश संदर्भ म्हणून ठेवली तरी चालतं. वक्र पृष्ठभागावर बॉल-नोज कटरने फिनिशिंग करायचं असेल तर अनेक कॅम सॉफ्टवेअर मेशवर थेट टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, देतात. पण ड्रिलिंग, बोअरिंग, टॅपिंग करायचं असेल, ड्रॉइंग काढून टॉलरन्स द्यायचे असतील किंवा पुढे डिझाइनमध्ये बदल होणार असतील, तर खरे सिलिंडर आणि खरी प्रतलं असलेलं सॉलिड लागतं. पंपाचं कव्हर या दुसऱ्या गटातलं आहे.

कुठलाही मार्ग घ्या, मेश आधी तपासावी लागते. नियम सोपा आहे: प्रत्येक कड नेमक्या दोन त्रिकोणांची असली पाहिजे. एकाचीच असेल तर तिथे जाळी फाटलेली आहे; तिघांची असेल तर आत एखादी जास्तीची भिंत अडकली आहे. मेशलॅब किंवा फ्रीकॅडची मेश दुरुस्तीची खिडकी हे दाखवते. मला स्वतःला जास्त उपयोगी पडते ती जिनसची, म्हणजे आरपार भोकांच्या संख्येची, तपासणी, जी फारसं कुणी करत नाही. बंद मेशमध्ये कोपरे वजा कडा अधिक त्रिकोण बरोबर दोन वजा दुप्पट आरपार भोकं. तुमच्या कव्हरला बोल्टची सहा आणि मधला एक बोअर अशी सात आरपार भोकं असतील तर उत्तर −१२ यायला हवं. बंद तळाची भोकं यात धरायची नाहीत. बाहेरून आडवं येऊन बोअरला मिळणारं तोंड मात्र एक धरायचं. हाताने मोजलेली सात आणि सॉफ्टवेअर म्हणतं अकरा, असं झालं तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारे चार बोगदे आहेत. स्कॅनमधून आलेल्या मेशमध्ये हे सर्रास सापडतं. उलट आकडा कमी आला तर कुठल्यातरी खऱ्या भोकावर झाकण बसलं आहे.

हे झाकणाचं प्रकरण जरा जपून. ‘सगळी छिद्रं बुजवा’ हे बटण ज्यांनी बनवलं त्यांचा हेतू चांगला होता. पण खोल बोअरच्या आतपर्यंत स्कॅनरची नजर पोहोचत नाही, त्यामुळे तिथे जाळी उघडीच राहते, आणि बटण दाबल्यावर बोअरच्या तोंडावरच सफाईदार पडदा तयार होतो. मेश ‘निर्दोष’ म्हणून पास होते. त्यामुळे मोठ्या उघड्या कडा एकेक करून हाताने बघा, बारीक भेगांसाठीच स्वयंचलित दुरुस्ती वापरा.

आणखी एक छुपा दोष मूळ बिंदूपासूनच्या अंतराचा. एसटीएलमधले आकडे ३२ बिटचे असतात, म्हणजे साधारण सात अंकी अचूकता. पार्ट मूळ बिंदूजवळ असेल तर ती भरपूर झाली. पण मोठ्या असेंब्लीतला एखादा पार्ट एकूण कोऑर्डिनेट सिस्टिममध्ये १,००,००० मिलिमीटर लांब बसलेला असताना एक्सपोर्ट केला, तर दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतरच सुमारे ०.००८ मिलिमीटर होतं. भूभागाच्या मॉडेलमध्ये, वीस लाख मीटरच्या कोऑर्डिनेटवर, हीच पायरी साडेबारा सेंटिमीटरची होते. मग गुळगुळीत उतारही पायऱ्यांचा दिसतो आणि बारीक त्रिकोण चपटे होऊन नाहीसे होतात. हे नंतर दुरुस्त होत नाही. मूळ फाइल देणारा कुणी असेल तर त्याला पार्ट आधी मूळ बिंदूवर आणून मगच एक्सपोर्ट करायला सांगा. त्याच वेळी एककही विचारून घ्या. सगळं २५.४ पट लहान किंवा मोठं आलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ आहे हे ओळखता येतं, पण एखादं खात्रीचं माप हातात असेल तरच.

आता मार्ग. तुम्ही घेतलेला पहिला, त्रिकोणांचेच फेस करण्याचा. फ्रीकॅडमध्ये पार्ट वर्कबेंचमध्ये ‘क्रिएट शेप फ्रॉम मेश’, मग ‘कन्व्हर्ट टू सॉलिड’, मग ‘रिफाइन शेप’. हा मार्ग टाकाऊ नाही. सपाट बाजूंचा पार्ट असेल, काही शे किंवा फार तर दोन-चार हजार त्रिकोण असतील, तर ‘रिफाइन शेप’ एकाच प्रतलातले त्रिकोण जोडून टाकतं आणि बारा त्रिकोणांच्या ठोकळ्याचे नेमके सहा फेस मिळतात. शीट मेटलचे कंस, खोकी, फिक्स्चरच्या प्लेटा यांच्यासाठी दहा मिनिटांचं काम. फक्त शिवणीच्या टॉलरन्सकडे, म्हणजे किती जवळच्या कडा एकच धरायच्या त्या अंतराकडे, लक्ष द्या. तिथे ०.१ हा आकडा आधीच भरलेला असतो, आणि तुमच्या पार्टमध्ये त्याहून बारीक कड असेल तर ती गिळली जाते. टॉलरन्स फार कमी ठेवला तर कडा जुळत नाहीत आणि हाती बंद सॉलिडऐवजी उघडं कवच येतं. नावात ‘सॉलिड’ दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. ‘चेक जॉमेट्री’ चालवा आणि घनफळ मेशच्या घनफळाशी ताडून पाहा. राइनोमधलं ‘मेश-टू-नर्ब्स’ (नर्ब्स म्हणजे गणिताने लिहिलेले वक्र पृष्ठभाग) हेच काम करतं, नाव कितीही भारदस्त असलं तरी.

त्रिकोण कमी करून हाच मार्ग वक्र पार्टसाठी वापरता येईल असं वाटतं. मेशलॅबमध्ये १,२०,००० चे ५,००० त्रिकोण चुटकीसरशी होतात. सपाट जागी काही बिघडत नाही, पण भोकं आधी गोल दिसत होती ती आता दशकोनी होतात. बोल्ट अडकला की मशीनवाल्याचा फोन येतो.

दुसरा मार्ग आकार ओळखून घेण्याचा. फ्यूजनमध्ये मेशचे आधी फेस ग्रुप करायचे आणि मग रूपांतरात ‘प्रिझमॅटिक’ निवडायचं. तुमच्या परवान्यात तो पर्याय असला तर. सॉलिडवर्क्समध्येही मेशचे तुकडे पाडून त्यांना प्रतल, सिलिंडर, शंकू बसवण्याची सोय आहे. फुकटात हवं असेल तर क्लाउडकंपेअरमध्ये रॅनसॅक पद्धतीने प्रतल, गोल, सिलिंडर, शंकू आणि टोरस शोधणारं प्लगइन आहे. त्यातून सॉलिड मिळत नाही, पण अक्ष आणि त्रिज्या मिळतात, आणि खरी मेहनत त्यातच असते. कॅडमधून एक्सपोर्ट झालेल्या स्वच्छ मेशवर ही साधनं छान चालतात. अडखळतात ती फिलेटवर, म्हणजे कोपरा गोल करणाऱ्या वळणावर. दोन फेसमधली सीमा कोनावरून ओळखायची, आणि फिलेट तर दोन्ही बाजूंना स्पर्शरेषेत मिसळलेलं. कोन बदलतच नाही. मग फिलेटचा अर्धा भाग वरच्या फेसला चिकटतो, अर्धा बाजूच्या भिंतीला, आणि मिळालेली प्रतलं किंचित कलतात. असं दिसलं तर फिलेटचे त्रिकोण हाताने वेगळ्या ग्रुपमध्ये टाका, नाहीतर हा मार्ग सोडा. स्कॅनच्या मेशवर मी तो आजमावायलाही जात नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मेश खाली ठेवून तिच्यावर पार्ट पुन्हा काढणं. मशीनिंगच्या पार्टसाठी माझं उत्तर जवळजवळ नेहमी हेच असतं, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ते जवळजवळ नेहमी नकोसं वाटतं. कव्हरसारख्या पार्टला सराव असलेल्या माणसाला अर्धा दिवस लागेल. बिघडलेलं रूपांतर सावरण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

सुरुवात जुळणीने करा, स्केचने नव्हे. कव्हरचा जो फेस पंपाच्या बॉडीवर बसतो तो मशीन केलेला असणार. त्यावर प्रतल बसवा आणि ते एक्सवाय करा. मधल्या बोअरचा अक्ष झेड करा. एखादं बोल्टचं भोक एक्स अक्षावर आणा. ज्या फेसवरून मूळ डिझायनरने मापं दिली असतील त्याच फेसवरून तुम्ही मोजायला लागलात की आकडे आपोआप पूर्णांकांकडे सरकू लागतात. वेडीवाकडी मापंच येत राहिली तर डेटम (मापं ज्यावरून घ्यायची तो संदर्भ) चुकीचा धरला आहे असं समजा.

मग ठिकठिकाणी छेद घ्या आणि त्या रेषांवर स्केच काढा. रेषा गिरवू नका. छेदात दिसणारी रेघ २४.९३ म्हणते, तिथे २५ लिहायचं की नाही हा निर्णय तुमचा, आणि तो मेश कुठून आली यावर ठरतो. कॅडमधून आलेल्या मेशमध्ये त्रिकोणांचे कोपरे खऱ्या पृष्ठभागावर असतात आणि मधला सपाट भाग आत सरकलेला असतो. किती, ते काढता येतं: त्रिज्या गुणिले, एक वजा कोसाइन १८० भागिले बाजूंची संख्या. २० मिलिमीटर व्यासाच्या भोकाला २४ बाजू असतील तर त्रिज्येत ०.०८६ मिलिमीटरचा फरक, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये मोजलं तर १९.८३ येतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये मोजलं तर बरोबर २०. वर्तुळ बसवतानाही कोपरेच निवडा. त्रिकोणांचे मध्यबिंदू घेतले तर व्यास दर वेळी लहान येईल आणि का ते कळणार नाही.

स्कॅनच्या मेशचं गणित वेगळं. तिथे बिंदू पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात, म्हणून जास्तीत जास्त बिंदू घेऊन सरासरी वर्तुळ बसवायचं, पण कडेजवळचा भाग सोडून, कारण स्कॅनर धारदार कड गोलसर करतो. शिवाय स्कॅन हा त्या एका नगाचा असतो, डिझाइनचा नव्हे. झिजलेला बोअर लंबगोल दिसेल. तो तसाच काढायचा नसतो. बेअरिंग बसणारा बोअर असेल तर जवळचा प्रमाणित बेअरिंगचा व्यास शोधा आणि फिट ठरवा. महत्त्वाची मापं शक्य असेल तर खऱ्या पार्टवर व्हर्निअर किंवा बोअर गेजने घ्या. मेशमधून काढलेल्या फिटवर मी सही करणार नाही. आटे कधीही मॉडेल करू नका. पिच मोजा, टॅपचं माप ठरवा, ड्रिलचा व्यास काढा आणि आटे ड्रॉइंगवर लिहा.

कास्टिंगच्या भिंतींमध्ये ड्राफ्ट (साच्यातून सुटावं म्हणून दिलेला किंचित उतार) असतो हे लक्षात ठेवा. एक अंशाचा ड्राफ्ट २० मिलिमीटर उंचीत ०.३५ मिलिमीटर सरकतो. एकाच उंचीवर छेद घेऊन सरळ एक्सट्रूड केलं तर वर जुळतं आणि खाली जुळत नाही, आणि माणूस तासभर स्केचच दुरुस्त करत बसतो. दोन उंचींवर छेद घ्या. फिलेट सगळ्यात शेवटी, आणि एकाच घरच्या फिलेटना एकच त्रिज्या.

चौथा मार्ग मोकळ्या वक्र आकारांसाठी: मूर्ती, शरीराच्या भागांचे स्कॅन, हँडल, टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनमधून निघालेले हाडांसारखे सांगाडे. इथे ना सिलिंडर आहे ना प्रतल, त्यामुळे पुन्हा काढण्यासारखं काही नाही. त्रिकोणांची जाळी चौकोनांत बदलायची, तिचं सब-डी (चौकोनी जाळीवरून तयार होणारा गुळगुळीत पृष्ठभाग) करायचं आणि सब-डीचं नर्ब्स. राइनोमध्ये क्वाड-रीमेश आणि टू-नर्ब्स, फ्यूजनमध्ये ‘ऑर्गॅनिक’. हे चालण्यामागचं कारण १९७८ मधलं कॅटमुल-क्लार्कचं काम: नियमित चौकोनी जाळीचा त्यांनी सांगितलेला गुळगुळीत पृष्ठभाग हा बायक्यूबिक बी-स्प्लाइनच असतो, त्यामुळे तो कॅडला थेट समजतो. अडचण फक्त जिथे चारऐवजी तीन किंवा पाच चौकोन भेटतात त्या बिंदूंपाशी येते. असे बिंदू टाळता येत नाहीत, पण सपाट किंवा कमी महत्त्वाच्या जागी ढकलता येतात. चौकोनांची संख्या शक्य तेवढी कमी ठेवा. ऑप्टिमायझेशनच्या पार्टमध्ये मी मधला सांगाडा असा करतो आणि बोल्टचे पॅड, भोकं, बसण्याचे फेस वेगळे काढून बूलियनने जोडतो. मशीनवर लागणारा प्रत्येक फेस खरा आणि बाकीचा फक्त दिसायला गुळगुळीत, एवढं पुरतं.

पार्ट तयार झाला की मूळ मेशशी तुलना करा. नवीन सॉलिडची बारीक मेश एक्सपोर्ट करून दोन्ही क्लाउडकंपेअरमध्ये टाका आणि अंतराचा रंगीत नकाशा पाहा. सरासरी आकड्यावर जाऊ नका. एका बाजूला अधिक ०.३ आणि दुसऱ्या बाजूला उणे ०.३ असेल तर सरासरी शून्य येते. अख्खा फेस एकाच रंगाचा दिसला तर तिथलं माप किंवा जागा चुकली आहे. ठिपक्याठिपक्यांचा रंग म्हणजे स्कॅनचा गोंगाट, तो सोडून द्या. रंग एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू बदलत गेला तर ड्राफ्ट किंवा जुळणी पुन्हा बघा.

पाठवताना आयजेस या जुन्या फाइल प्रकाराऐवजी स्टेपच निवडा. आयजेसमध्ये बहुधा सुटे पृष्ठभाग जातात आणि पलीकडच्याला ते शिवत बसावं लागतं. स्टेपच्या प्रकारांपैकी एपी २१४ किंवा एपी २४२, दोन्ही चालतात. मात्र एपी २४२ मध्ये त्रिकोणांची जाळी तशीच भरण्याचीही सोय आहे, म्हणजे फाइलचं नाव स्टेप असलं तरी आत सॉलिड असेलच असं नाही. कुणाकडून पैसे देऊन रूपांतर करून घेतलं असेल, किंवा एखाद्या फुकट ऑनलाइन साधनाने लगेच स्टेप दिली असेल, तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. स्टेप ही वाचता येणारी फाइल असते. ‘सिलिंड्रिकल सरफेस’ हे शब्द शोधा (फाइलमध्ये ते CYLINDRICAL_SURFACE असे लिहिलेले असतात). गोल भोकं असलेल्या पार्टमध्ये ते एकदाही सापडले नाहीत आणि ‘प्लेन’ मात्र हजारोंनी सापडलं, तर तुम्हाला त्रिकोणच परत मिळाले आहेत.

तुमच्या कव्हरसाठी सांगायचं तर आत्ताची शंभर एमबीची फाइल बाजूला ठेवा. जिनस तपासा, बसण्याचा फेस आणि बोअर यांवर जुळणी करा, छेदांवरून पार्ट पुन्हा काढा. नवीन स्टेप एका एमबीच्या आत बसेल. सोबत एका पानाचं ड्रॉइंग द्या आणि त्यावर कुठली मापं खऱ्या पार्टवरून घेतली आहेत, कुठली मेशवरून काढली आहेत आणि कुठली तुम्ही पूर्णांकात आणली आहेत हे वेगवेगळ्या खुणांनी दाखवा. पहिला नग काढल्यावर मशीनवाला दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचीच मापं आधी तपासेल.